थोरल्यांचं लिव्हर सांभाळताना: सोलापुरातल्या घरांसाठी पायरीपायरीनं

सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ (लिव्हरमध्ये चरबी साठणं) किंवा ‘सिरॉसिस’ (व्रण साठत जाऊन लिव्हर कडक होणं) असं लिहून आलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘कधी थेंब घेतला नाही, मग हे कसं?’ आणि दुसरं, ‘वय झालंय, आता काय करणार?’ पहिल्या वाक्यानं आजारी माणसाची उगाच चौकशी सुरू होते, दुसऱ्यानं उपचार थांबतात. माझ्या सासूबाईंना सत्तरी ओलांडल्यावर सिरॉसिस निघाला. कारण काय, तर जुना मधुमेह आणि पोटाचा घेर. दारूचा संबंधच नव्हता. त्यांचं करता करता जे शिकायला मिळालं आणि डॉक्टरांकडून जे नीट समजून घेतलं, ते या वाटेवर नव्यानं आलेल्या घरांसाठी लिहिते आहे. हे डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरायचं नाही. डॉक्टरांकडून घरी आल्यावर उरलेले तेवीस तास कसे काढायचे, ते यात आहे.

आधी टप्पा विचारा

लिव्हर उजव्या बरगड्यांखाली असतं, वजन साधारण सव्वा ते दीड किलो. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन ते बनवतं, रक्त गोठवणारे घटक बनवतं, पित्त बनवतं, साखर साठवून रात्री पुरवतं, औषधं आणि आतड्यातून येणारा अमोनिया निकामी करतं. उतारवयात ते आकारानं लहान होतं आणि त्याचा रक्तपुरवठाही कमी होतो. म्हणून तरुणाला चालणारी औषधाची मात्रा सत्तरीच्या माणसाच्या अंगात जास्त वेळ रेंगाळते. लिव्हर दुखतही नाही फारसं. बरंचसं खराब होईपर्यंत गप्प राहतं, आणि जी लक्षणं दिसतात ती म्हातारपणाचीच वाटतात: थकवा, भूक नसणं, दंड बारीक होणं, पायाला सूज, दिवसा पेंग.

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. आजाराचं कारण कोणतं? फक्त चरबी आणि सूज आहे, की लिव्हरवर व्रण धरून ते कडक झालंय, की सिरॉसिस आहे? सिरॉसिस असेल तर लिव्हर अजून काम भागवतंय, की पोटात पाणी, कावीळ, रक्ताची उलटी, भ्रम यांपैकी काही सुरू झालंय? आणि अन्ननलिकेच्या शिरा फुगल्यात का, हे दुर्बिणीनं पाहायची गरज आहे का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. काम भागवणारं सिरॉसिसचं लिव्हर घेऊन माणसं कित्येक वर्षं नातवंडांची लग्नं लावतात. पोटात पाणी झालं की मात्र लक्ष दुप्पट द्यावं लागतं.

कारण शोधायचा कंटाळा करू नका, कारण काही कारणांवर थेट औषध आहे. हेपॅटायटीस-सी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूनं लिव्हरला येणारी सूज, हा त्यातला सगळ्यात आशेचा. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या रक्ताची या विषाणूसाठी सक्तीनं तपासणी होत नव्हती, आणि उकळलेल्या-न उकळलेल्या काचेच्या सिरिंजनं इंजेक्शनं घेतलेली ती पिढी. जुनं ऑपरेशन, बाळंतपणात चढवलेलं रक्त, असं काही असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा. आज रोज घ्यायच्या गोळ्यांचा साधारण बारा आठवड्यांचा कोर्स असतो आणि शंभरातले पंच्याण्णवच्या वर रुग्ण त्यातून मुक्त होतात. वय आड येत नाही. हेपॅटायटीस-बी पूर्ण जात नाही, पण रोजच्या एका गोळीनं ताब्यात राहतो. दोन्हींची तपासणी आणि औषधं 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहेत.

दारू कारण असेल तर ती पूर्ण बंद. ‘वय झालंय, आता कशाला तोडायची, थोडी घेऊ द्या’ असं म्हणणारे नातेवाईक भेटतील. त्यांचं ऐकू नका. सिरॉसिसमध्येसुद्धा दारू सुटली की काही महिन्यांत पोटातलं पाणी कमी झालेलं, भूक परत आलेली दिसू शकते. पण रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत घरच्या घरी बंद करू नका. थरथर, झटके, भ्रम असा धोकादायक प्रकार होऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

कागद वाचायला शिका

लिव्हरच्या तपासणीचा कागद आला की सगळे एसजीपीटीच्या (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या) आकड्याकडे बघतात. तो नॉर्मल निघाला की सुटलो वाटतं. सिरॉसिसमध्ये एसजीपीटी अगदी नॉर्मल असू शकतं. लिव्हरचं खरं बळ तीन आकडे सांगतात: बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य), अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा). अल्ब्युमिन 3.5 च्या खाली घसरत चाललं, आयएनआर वर चढत चाललं, तर एसजीपीटी कितीही छान असो, डॉक्टरांना दाखवा. चौथा आकडा प्लेटलेटचा. त्या दीड लाखाच्या खाली वारंवार येत असतील आणि डेंग्यूसारखं काही नसेल तर लिव्हर आणि प्लीहा तपासायला हव्यात.

लिव्हरवर व्रण असतील का, याचा अंदाज देणारा एक हिशेब घरीही करता येतो. वयाला एसजीओटीनं (त्याच कागदावर एसजीपीटीच्या जोडीनं येणाऱ्या आकड्यानं) गुणा. प्लेटलेटचा हजारातला आकडा घ्या, म्हणजे दोन लाख असतील तर 200, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळानं गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा. समजा वय 70, एसजीओटी 40, एसजीपीटी 36, प्लेटलेट दोन लाख. वर 2800, खाली 200 गुणिले 6 म्हणजे 1200, उत्तर 2.33. याला फिब-फोर म्हणतात. तरुणांत 1.3 च्या खाली असलं की निर्धास्त राहतात, पण वय सूत्रातच असल्यानं म्हाताऱ्यांत हा आकडा आपोआप फुगतो. म्हणून 65 च्या पुढं 2 ही रेघ धरतात. 2 च्या वर आलं तर व्रण आहेतच असं नाही, पण फायब्रोस्कॅन करून घ्यावा. तीन तास पोट रिकामं ठेवून जायचं, दुखत नाही, दहा मिनिटांत होतं. लिव्हर किती कडक आहे याचा आकडा मिळतो. साधारण 8 च्या खाली असेल तर काळजी कमी. पोटात आधीच पाणी असेल तर ही तपासणी नीट होत नाही, तेव्हा त्यात पैसे घालू नका.

मधुमेह असेल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा. सिरॉसिस आणि रक्तक्षय असताना तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. बोटाची साखर बघत राहणं भाग आहे, विशेषतः पहाटे, कारण खराब लिव्हर रात्रीची साखर धरून ठेवू शकत नाही.

औषधांची पिशवी उलटी करा

हे काम पहिल्या आठवड्यातच करा. कपाटातली, उशाखालची, देवघरातल्या डब्यातली सगळी औषधं एका पिशवीत घाला आणि तशीच डॉक्टरांसमोर ठेवा. थोरल्यांकडे गुडघ्याचा डॉक्टर वेगळा, बीपीचा वेगळा, आणि शेजारणीनं दिलेली पट्टी तिसरीच.

सर्वांत मोठा शत्रू गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या गोळ्या सिरॉसिसच्या माणसाची किडनी बसवू शकतात, पोटातलं पाणी वाढवतात, रक्तस्राव घडवतात. मेडिकलमध्ये ‘अंगदुखीची द्या’ म्हटलं की हमखास याच कुळातली मिळते, तेव्हा पट्टीवरचं बारीक नाव वाचा. खूप घरांत उलटाच समज दिसतो, की पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट म्हणून ते नको आणि दुसरी ‘साधी’ गोळी चालेल. डॉक्टरांच्या संमतीनं दिवसाला एकूण दोन ग्रॅमपर्यंत, म्हणजे पाचशेच्या चार गोळ्यांपर्यंत, पॅरासिटामॉल हाच यातला सुरक्षित पर्याय असतो. सर्दीच्या आणि संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते त्याच हिशेबात धरा. दारू सुरू असेल किंवा खाणं सुटलं असेल तर मात्र आधी विचारा.

झोपेची गोळी सिरॉसिसमध्ये फार जपून. रात्री झोप न येणं हेच कधी कधी आजाराचं लक्षण असतं, आणि वर गोळी दिली की माणूस सकाळी उठत नाही. टीबीची औषधं सुरू असतील किंवा होणार असतील तर लिव्हरचा आजार आधी सांगितलाच पाहिजे, कारण आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरवर ताण देऊ शकतात आणि वयानुसार हा धोका वाढतो. याउलट कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी फॅटी लिव्हर म्हणून मनानं बंद करू नका. बहुतेकांना ती चालते आणि हृदयाला हवीच असते.

आता काढे आणि झाडपाला. हा विषय नाजूक आहे, कारण देणारा माणूस ओळखीचा असतो आणि मायेनं देतो. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे झाले. त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या. जे काही पानाफुलाचं, भुकटीचं, ताकदीचं घेतलं जातंय ते लिव्हरच्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे, आणि आजार निघाल्यावर थांबवलेलं बरं.

काविळीच्या माळा, नाकात सोडायचं औषध, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवणं, दंडावर डाग देणं हे आपल्याकडे गावोगाव चालतं. तरुण मुलाची साधी कावीळ तशीही आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. साठीच्या पुढच्या माणसाच्या काविळीत पित्ताच्या नळीतला खडा किंवा स्वादुपिंडाची गाठ असू शकते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, अंगाला खाज, आणि पोट दुखत नाही, असं चित्र असेल तर आठवड्याच्या आत सोनोग्राफी करा. थंडी वाजून ताप आणि काविळ एकत्र असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कावीळ म्हणून तेल, हळद, डाळ सगळं बंद करून उसाच्या रसावर ठेवणं म्हणजे आधीच अशक्त माणसाला उपाशी मारणं आहे.

एक वही ठेवा

साधी शाळेची वही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन. पुढं शौच किती वेळा, पाय सुजलेत का, रात्रीची झोप कशी. बस, एवढंच लिहा. फार रकाने आखले की दहा दिवसांत वही बंद पडते.

वजन दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. डॉक्टरांना कळवा. लघवीच्या गोळ्या सुरू असतील आणि पायाला सूज नसेल तर रोज अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये. सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. त्याहून झपाट्यानं उतरणं किडनीला महागात पडतं. वजन तेवढंच आहे म्हणून निश्चिंतही राहू नका, कारण पोटात पाणी भरत असताना दंड-मांड्या झिजत असतात आणि काटा सारखाच दाखवतो. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का, हे महिन्यातून एकदा बघा.

लघवीच्या गोळ्या आणि सोलापूरचा उन्हाळा हे जुळत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळिशीच्या पुढं जातो, घामानं पाणी जातं, वर गोळी पाणी काढत असते, आणि माणूस दोन दिवसांत भ्रमिष्ट किंवा लघवी बंद होऊन दवाखान्यात जातो. उन्हाळा लागायच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा: जुलाब, उलट्या, ताप, खाणं बंद, यांपैकी काही झालं तर गोळी थांबवायची का? पाणी मात्र स्वतःहून कमी करू नका. रक्तातलं सोडियम फार खाली गेल्यावरच डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतात.

स्वयंपाकघर: इथंच निम्मी लढाई आहे

लिव्हर म्हटलं की ‘हलकं खा, भात-वरणाचं पाणी खा, अंडं नको, दूध नको’ असा सल्ला सगळीकडून येतो. तो घेऊ नका. सिरॉसिसच्या माणसाला निरोगी माणसापेक्षा जास्त प्रथिनं लागतात, दर किलो वजनामागं रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम. भ्रम होत असला तरीही प्रथिनं तोडायची नाहीत. पूर्वी तोडायचे, आता ते चुकीचं ठरलंय. स्नायूसुद्धा अमोनिया पचवतात. स्नायू गेले की भ्रम वाढतो.

पन्नास किलोच्या आजींना रोज किमान 60 ग्रॅम. आपल्या घरच्या खाण्यात हे बसतं का, ते मांडून बघू. ज्वारीच्या तीन भाकऱ्यांतून अंदाजे 18, दोन वाट्या घट्ट आमटी किंवा मटकीच्या उसळीतून 14, दोन ग्लास दुधातून 13, एका वाटी दह्यातून 4, वीस ग्रॅम शेंगदाण्याच्या चटणीतून 5, एका अंड्यातून 6. बरोबर साठ झाले. अंडं चालत नसेल तर पनीर किंवा जास्तीची वाटीभर उसळ. मंगळवेढ्याची ज्वारी असेल तर अजून गोड लागेल, पण प्रथिनं तेवढीच. भाकरी चावत नसेल तर आमटीत कुस्करून द्या. हुलग्याचं माडगं थोरल्यांना ओळखीचं आणि घशाखाली जाणारं आहे. भूक नसलेल्या दिवशी मी ते दोनदा करते.

मीठ. पोटात पाणी असेल तर दिवसाचं मीठ पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. सकाळीच तेवढं एका वाटीत काढून ठेवा आणि आजींचं जेवण त्यातूनच करा. खरा घात करतात लोणचं, पापड, खारे दाणे, बेकरीची खारी, फरसाण, आणि आपली सोलापुरी शेंगा चटणी. शेंगा चटणी सोडायला सांगणं म्हणजे इथल्या माणसाला गाव सोडायला सांगण्यासारखं आहे, म्हणून मी ती घरीच कुटते: शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, नावाला मीठ, वर लिंबू पिळायचं. पहिले आठ दिवस नाक मुरडलं जातं, नंतर जीभ सरावते. विकतची मात्र बंद. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे टाकून द्या. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन लिव्हरच्या कॅन्सरचं ज्ञात कारण आहे, आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. अॅसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर घ्यायची सवय असेल तर तिच्यातही सोडियम भरपूर असतं. दुकानात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं, ते चांगलं समजून आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारखी लघवीची गोळी सुरू असताना रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

मीठ कमी करताना जेवणच कमी होत असेल तर डॉक्टरांशी बोला. उपाशी राहण्यापेक्षा चिमूटभर मीठ परवडलं.

रात्री झोपताना काहीतरी खाल्लंच पाहिजे. दूध-पोहे, राजगिऱ्याचा लाडू, नाचणीची पेज, केळं आणि दूध. साखर असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सिरॉसिसमध्ये दहा-बारा तासांचा उपास झाला की शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. म्हणून सकाळचा पहिला घासही उठल्या उठल्या.

इथं उपासाचा प्रश्न येतोच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. आषाढी, कार्तिकी, महिन्याच्या दोन एकादश्या, शिवाय सोमवार-गुरुवार. चाळीस वर्षं केलेला उपास सोड म्हणणं सोपं नाही आणि ते हक्कानं म्हणायचंही नाही. मी डॉक्टरांनाच सांगितलं, की तुम्ही त्यांच्याशी बोला. थोरली माणसं सुनेचं ऐकत नाहीत पण डॉक्टरांचं ऐकतात. निर्जळी पूर्ण बंद झाली. एकादशीला दर तीन तासांनी दूध, राजगिरा, दही, शेंगदाणे, फळं असं ठरलं. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाही, त्यावर दिवस काढू नका. वारीला चालत जायचं असेल तर आधी दुर्बिणीची तपासणी आणि डॉक्टरांची परवानगी.

फक्त फॅटी लिव्हर असेल, व्रण नसतील, तर रोख वेगळा. तिथं वजनाच्या सात ते दहा टक्के उतरवल्यानं लिव्हरमधली चरबी आणि सूज खरोखर कमी होते. ऐंशी किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो, तेही सावकाश, प्रथिनं न तोडता. गोड चहा, बिस्किटं, थंड पेयं आधी कमी करा. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं फेरी होते, ती चांगलीच, पण नुसत्या चालण्यानं दंड-मांड्या भरत नाहीत. खुर्चीतून दहा वेळा उठबस, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली, एवढं जोडा. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर पिऊ द्या. कॉफी पिणाऱ्यांत व्रण कमी आढळतात.

‘म्हातारचळ’ म्हणण्याआधी

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर हे राहू दे. सिरॉसिसमध्ये लिव्हर अमोनियासारखे पदार्थ निकामी करू शकत नाही आणि ते मेंदूवर परिणाम करतात. सुरुवात फार बारीक असते. दिवसा झोप, रात्री टक्क जागं. चिडचिड. सही वाकडी होणं. शर्टाची बटणं चुकणं. पैसे मोजताना घोळ. मग नावं चुकणं, घरातच घर शोधणं. बघणाऱ्याला वाटतं वयानं विसरायला लागलेत. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. लिव्हरचा भ्रम तासा-दिवसांत चढतो, आणि महत्त्वाचं म्हणजे तो बहुतेक वेळा उतरवता येतो.

रोज वहीत त्यांची सही घ्या, तारीख विचारा. शंका आली तर हात समोर ताठ करून पंजे मागं वळवायला सांगा. पंजे फडफडल्यासारखे खाली पडत असतील तर त्याच दिवशी दाखवा. अशा काळात स्कूटीची किल्ली काढून घ्या, गॅसपाशी एकटं सोडू नका.

भ्रमाला बहुतेकदा काहीतरी निमित्त असतं: बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, आतड्यातला रक्तस्राव, अंगातलं पाणी कमी होणं, झोपेची गोळी. म्हणूनच लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध दिलेलं असतं. ते ‘पोट साफ होतंय की’ म्हणून बंद करतात, आणि चार दिवसांनी माणूस बेशुद्ध. दिवसाला दोन ते तीन मऊ शौच हे लक्ष्य. कमी झाल्या तर मात्रा वाढवायची, चार-पाच पातळ होऊ लागल्या तर कमी करायची, कशी ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. जास्तीच्या जुलाबांनीही पाणी जाऊन भ्रम होतो.

कधी थांबायचं नाही

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, जागं न होणं, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, दिवसभर लघवी न होणं. यांपैकी काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा. लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण चिकट, घाणेरड्या वासाची आणि चक्कर सोबत असेल तर रक्तच समजा. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तर म्हाताऱ्या माणसाला ताप येतोच असं नाही. नुसतं ‘आज वेगळेच वागतायत’ एवढंही लक्षण पुरतं. अशा वेळी सुईनं थोडं पाणी काढून तपासतात, त्याला नकार देऊ नका. ‘पाणी काढलं की परत भरतं, म्हणून काढू नये’ हा समज जीवघेणा ठरू शकतो.

पिशवी तयार ठेवा: फाईल, औषधांची यादी, शेवटचे रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड, आरोग्याची कार्डं.

कुठं जायचं, खर्चाचं काय

सुरुवात ओळखीच्या फिजिशियनपासून करा, पण सिरॉसिस असेल तर पोटविकाराच्या किंवा लिव्हरच्या तज्ज्ञाला निदान एकदा दाखवून पुढचा आराखडा ठरवून घ्या. शासकीय सोय म्हणजे आपलं सिव्हिल, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं सर्वोपचार रुग्णालय. हेपॅटायटीस कार्यक्रमाच्या तपासणीची चौकशी तिथंच करा. ओपीडीला सकाळी लवकर जा, आणि घरच्यांपैकी एकानं केसपेपरच्या रांगेत उभं राहून दुसऱ्यानं थोरल्यांना बसवून ठेवावं. सोबत खायला घ्या, रांगेत उपास घडू देऊ नका.

70 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. 29 ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे, आधारवर कार्ड निघतं आणि योजनेत असलेल्या रुग्णालयात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे दाखल होऊन घेतलेले उपचार त्यात येतात. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कार्ड आजच काढून ठेवा, आणीबाणीत अंगठा जुळत नाही, आधारवरचा मोबाईल नंबर जुना निघतो, आणि रात्र तिथंच जाते. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आपला आजार योजनेत बसतो का.

पुढच्या वर्षभराचं

सिरॉसिस असलेल्यानं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, काही त्रास नसला तरी. लिव्हरची गाठ लहान असताना सापडली तर उपाय आहेत. शिरा फुगलेल्या असतील तर प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल गोळी देतात, किंवा दुर्बिणीतून शिरांना रबराचे वेढे घालतात. ही गोळी बीपीची म्हणून आहे असं समजून मनानं बंद करू नका. वरचा बीपी नव्वदच्या खाली किंवा नाडी पन्नासच्या खाली दिसली तर विचारा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी, तसंच हेपॅटायटीस-बीची लस कधी घ्यायची ते ठरवून घ्या. पाणी उकळून द्या, दूषित पाण्यातून येणारी साधी कावीळही आधीच थकलेल्या लिव्हरला पेलत नाही.

लिव्हर बदलण्यासाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जावं लागतं. वयाची काटेकोर मर्यादा नाही, पण सत्तरीच्या पुढं हृदय, फुप्फुसं, ताकद सगळं बघून फार निवडक लोकांनाच ती शस्त्रक्रिया सुचवतात. ती शक्य नसेल तर त्रास कमी ठेवणारे उपचार असतात, आणि ते ‘काही करायचं राहिलं नाही’ असं म्हणून सोडून द्यायचे नसतात. अतिदक्षता विभागात न्यायचं का, किती न्यायचं, हे थोरल्यांना स्वतःला विचारा, आणि त्यांचं डोकं स्वच्छ असताना विचारा. सासूबाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलंय त्यांना काय हवं ते. ऐकणं जड गेलं, पण आता घरात त्यावरून भांडण होणार नाही.

आणि घरातल्या बाकीच्यांना विसरू नका. थोरल्यांना हेपॅटायटीस-बी निघाला असेल तर नवरा-बायको, मुलं, भावंडं सगळ्यांनी रक्त तपासावं, ज्यांना झालेला नाही त्यांनी 0, 1 आणि 6 महिन्यांच्या तीन डोसची लस घ्यावी. वस्तरा, नखं काढायचं यंत्र, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवावा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, एका ताटात जेवल्यानं तो पसरत नाही. मधुमेहातून फॅटी लिव्हर झालं असेल तर त्यांच्या पन्नाशीतल्या मुला-मुलींनी पुढच्या रक्ततपासणीत एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एकाच दिवशी करून वरचा हिशेब मांडून बघावा.